यादीत उमरेड नाही!

ईश्वरदास धकाते यांनी एखादी वस्तू सुरक्षित करायची ठरवली, की ती पुढे खुद्द त्यांनाही सापडत नसे. त्यामुळे मे महिन्यातल्या एका गुरुवारी, तर्रीपोह्याची प्लेट बाजूला सारून, त्यांनी जेव्हा "आता ब्रह्मदेव आला तरी माह्या खात्याले हात लावू शकत नाही!" असं जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या पत्नी सुहासिनीबाईंनी कपाटाच्या किल्ल्या आधी स्वतःच्या कमरेला खोचल्या.

खातं बँकेचं नव्हतं. बँकेचा पासवर्ड ईश्वरदासांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडर आल्याच्या तारखेशेजारी, ठळक अक्षरांत लिहून ठेवला होता. हे खातं 'कॅरम दरबार'चं! म्हणजे मोबाइलवर खेळायच्या कॅरमचं. लहानपणी मोहल्ल्यात खरा कॅरम रंगायचा तेव्हा ईश्वरदासांकडे एकच काम असायचं : बोर्डावर पावडर टाकणं. स्ट्रायकर हाती आलाच तर तो परत करण्यापुरता. तोच माणूस वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, सरकारी कचेरीतली वरिष्ठ लिपिकाची खुर्ची सांभाळून, सहा वर्षांच्या तपश्चर्येनं 'नंदनवन स्ट्रायकर्स' या संघाचा कर्णधार झाला होता. आणि संघ पहिल्यांदाच शहराच्या अंतिम सामन्यात पोचला होता! सामना पुढच्या रविवारी, दुपारी चारच्या ठोक्याला.

अशा ऐन वेळी एका प्रतिस्पर्धी कर्णधाराचं खातं कुणीतरी चोरलं, अशी बातमी संघपालनं आणली. संघपाल मेश्राम म्हणजे कचेरीतला शेजारच्या टेबलावरचा सहकारी आणि संघाचा उपकर्णधार.

"त्याचा सोन्याचा स्ट्रायकर गेला, भाऊ," संघपाल म्हणाला. "माणूस आजारी पडला. सलाइन लागली!"

ईश्वरदासांनी त्याच दिवशी खेळाची सेटिंग उघडली. तिथं 'भरवशाची ठिकाणं' नावाची सोय होती. ठिकाणं फक्त तीन. ठिकाण म्हणजे तिथलं वायफाय. त्या जागी जायचं, तिथल्या वायफायला फोन जोडायचा, बटण दाबायचं. तिन्ही जागा भरल्या, की त्या सोडून खातं कुठेही उघडणार नाही. मोबाइलच्या नुसत्या नेटवर तर नाहीच नाही. एक अट बारीक अक्षरांत होती : यादीतून काढलेलं ठिकाण पंधरा दिवस परत घालता येत नाही. बारीक अक्षरं वाचायचा ईश्वरदासांना पगार मिळत असे, म्हणून घरी ती त्यांनी कधी वाचली नव्हती.

त्यांनी तीन ठिकाणं दिली. पहिलं नंदनवनमधलं स्वतःचं घर. दुसरं कचेरी. तिसरं धरमपेठेतलं धाकट्या बहिणीचं, गोपिकाचं घर; कारण तिथलं वायफाय वाऱ्यासारखं चालायचं आणि चहाही मागावा लागत नसे. मग त्यांनी त्या यादीचा स्क्रीनशॉट काढला, खाली 'आमची भरवशाची ठिकाणं' असं लिहिलं, हात जोडल्याची तीन चित्रं टाकली आणि तो दोन ग्रुपवर पाठवला : एक कचेरीचा, दुसरा 'धकाते परिवार व समस्त सोयरे'.

इथवर सगळं सुरक्षित होतं.

उमरेडचे मनोहरराव, म्हणजे सुहासिनीबाईंचे थोरले भाऊ, कोळसा खाणीतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी सहाला परिवाराच्या ग्रुपवर एक फूल पाठवत. शुक्रवारी फूल आलं नाही.

"दादाचं फूल नाही आलं," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"नेट नसन त्याइच्याकडं."

"नेट हाये. दादानं तुमची यादी पाह्यली! तुमच्या बहिणीचं घर हाये, हापिस हाये. मंग माह्या माहेरचं काहून नाही?"

"अवं, ते वायफायचं हाये! उमरेडले मी खेळतो कवा?"

"मले समजते वायफायचं हाये. मी बारावी सायन्स हावो. पण यादी ते यादी! तुमच्या पुतणीच्या लग्नपत्रिकेत दादाचं नाव राह्यलं, तवा तुम्ही म्हणे प्रेसवाल्याची चूक. आता कोणता प्रेसवाला घेऊन आले तुम्ही?"

ईश्वरदासांनी पोहे संपवले आणि उमरेडला यादीत घ्यायचं ठरवलं. पण जागा तीनच! कुणाला तरी उठवल्याशिवाय उमरेडला बसवणार कुठे?

कचेरीत संघपालशी खल सुरू झाला. धरमपेठ काढणं शक्य नव्हतं. गोपिका एकुलती एक बहीण. ती एकदा रुसली की दोन राख्या चुकत. मग कचेरी काढावी, असं ठरतंय तोच सुमंत साहेब आपल्या खोलीतून बाहेर आले.

"धकाते, तुमची यादी पाहिली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत या कार्यालयावर भरवसा ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहतो आहे."

साहेबांनी त्या यादीची रंगीत प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली घातली होती! अभ्यागतांना दिसेल अशी!

"आता?" संघपालनं विचारलं.

"घर काढतो," ईश्वरदास म्हणाले.

"भाऊ, तुम्ही तिथं राहता."

"म्हणून तं! घरच्याले कायचा मान गा? लग्नात घरचे लोक कवा जेवतात? शेवटच्या पंगतीत!"

"शेवटच्या पंगतीत भाजी संपली राह्यते, भाऊ."

पण ईश्वरदासांना स्वतःचा न्याय इतका आवडला होता, की भाजीचा मुद्दा कामकाजात नोंदलाच गेला नाही. शनिवारी त्यांनी घरूनच नंदनवनला यादीतून उठवलं आणि एक जागा रिकामी, म्हणजे खात्याचं कुलूप उघडं ठेवून ते एसटीनं उमरेडला गेले. फाटकात मनोहररावांनी खांद्यावर दुपट्टा टाकला. सासूबाई वच्छलाबाईंनी जावयाला ओवाळलं आणि त्या गडबडीत अर्धं कुंकू फोनच्या पडद्याला लागलं. ते पुसून ईश्वरदासांनी वायफाय जोडलं आणि बटण दाबलं. नंदनवनच्या जागी उमरेड आलं! एक डावही तिथंच झाला. टाळ्या पडल्या. मनोहररावांनी स्वतःच्या हातानं स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला. फुलं त्यांनी आदल्या दिवशीचं धरून दोन पाठवली.

एसटी परत नागपूरला लागते न लागते तोच गोपिकाचा फोन आला.

"दादा, यादी पाह्यली."

"पाह्यली ना? तुहं घर हाये बरं त्यात!"

"हाये. तिसऱ्या नंबरवर! उमरेड सगळ्यात वर अन् सख्खी बहीण सगळ्यात खाली!"

"अवं गोपिका, जिथून शेवटी खेळलो ते ठिकाण आपोआप वर जाते. त्यात माहा काय हात?"

"हात तुहाच हाये. बोट तूच दाबलं!"

रविवारी ईश्वरदास धरमपेठेत जाऊन दोन डाव खेळले. धरमपेठ वर गेली. गोपिकानं स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. सोमवारी उमरेडचं फूल आलं नाही. मंगळवारी ईश्वरदासांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि उमरेडला जाऊन एक डाव खेळले. फूल आलं. बुधवारी गोपिकानं फोन उचलला नाही. गुरुवारी धरमपेठ. शुक्रवारी पुन्हा उमरेड! विहिरीवरच्या रहाटासारखं एक घर वर, एक घर खाली, आणि मध्ये दोरासारखे ईश्वरदास. एसटीच्या वाहकानं तर विचारलंच, "कोळशाचं टेंडर घेतलं का गा, काका?"

आणि स्वतःच्या घरी? घरी त्यांनी फोन उघडला की पडद्यावर अक्षरं यायची : हे ठिकाण ओळखीचं नाही.

ज्या घराचे हप्ते अठरा वर्षं फेडले, त्या घरात कूलरसमोर बसून हे वाचावं लागणं, याला मोठी छाती लागते. सुहासिनीबाई मात्र शांत होत्या. "त्याले तरी कसं ओळखीचं वाटन? तुम्ही घरी असता कवा?"

शनिवारी ईश्वरदासांनी अंतिम सामन्यासाठी धरमपेठेत फोन केला. शुक्रवारचा स्क्रीनशॉट तिथं आधीच पोचला होता.

"उमरेडलेच खेळ दादा," गोपिका म्हणाली. "आम्ही घराले कुलूप लावून पचमढीले चाललो."

राहिली कचेरी. पण रविवारी कचेरीला टाळं. आठवड्याचे पाच दिवस तिथं बसून कॅरम खेळायला कुणाचीच हरकत नव्हती. रविवारी मात्र ते नियमात बसत नव्हतं.

म्हणजे उमरेड! खरं तर हे उत्तमच झालं, असं ईश्वरदासांनी स्वतःला आणि सुहासिनीबाईंना एसटीत उमरेड येईपर्यंत सांगितलं. घरचे लोक जवळ, आशीर्वाद जवळ, शिवाय सावजी मटण! मनोहररावांनी गल्लीत आधीच सांगून ठेवलं होतं, की आपले जावई नागपूरचे कर्णधार आहेत आणि फायनल आपल्या ओट्यावरून खेळणार आहेत. दुपारी तीनपर्यंत घरात माणूस मावेना. एका शेजाऱ्यानं तर खराखुरा कॅरम बोर्ड आणून मध्ये ठेवला; कुणीतरी त्यावर पावडरही टाकली.

"आधी जेवून घ्या, जवाईबापू," मनोहरराव म्हणाले.

"नाही! आधी सामना, मंग रस्सा." आयुष्यात पहिल्यांदाच ईश्वरदासांनी सावजी मटणाला थांबायला सांगितलं. लोक भारावले.

पावणेचारला त्यांनी फोन उघडला. पडद्यावर अक्षरं आली.

हे ठिकाण ओळखीचं नाही.

ईश्वरदासांनी फोन बंद करून परत सुरू केला. चष्मा पुसला. जागा बदलून खिडकीपाशी बसले.

हे ठिकाण ओळखीचं नाही.

"मनोहरराव," ते म्हणाले, "इथंच खेळलो ना मी परवाच्या दिवशी?"

"इथंच! पण परवा ते जुनं नेट होतं. रडत रडत चालाचं! फायनलले जवाई येऊन राह्यले अन् आपल्या घरी असं नेट?" मनोहररावांनी भिंतीकडे विजयी हात केला. तिथं चार शिंगांचा एक नवा कोरा डबा निळा लुकलुकत होता. त्याला हार घातलेला होता. "काल नवं कनेक्शन घेतलं! सगळ्यात भारी! खास तुमच्यासाठी!"

"अन् जुनं?"

"बंद केलं. तो डबा कंपनीचा माणूस घेऊन गेला."

नवं ठिकाण घालायचं तर यादीतलं एखादं काढावं लागणार आणि यादीला हात लावायचा तर आधी खातं उघडावं लागणार. खातं उघडायला भरवशाचं ठिकाण लागणार. ईश्वरदासांनी हे तीनदा मनात फिरवून पाहिलं. आपल्या कचेरीत येणाऱ्या लोकांना नेमकं काय वाटत असेल, याची कल्पना त्यांना तीस वर्षांत पहिल्यांदाच आली.

संघपालला फोन लावला. लागला नाही, तो त्याच फोनवर सामन्याला बसला होता.

"सुरू झालं का, जवाई?" वच्छलाबाईंनी कोपऱ्यातून विचारलं. त्या सकाळपासून डोळे मिटून जप करत होत्या.

चार वाजले. पडद्यावर नवी अक्षरं आली. ईश्वरदासांनी ती मनातल्या मनात वाचली : 'आपण हजर नसल्यानं आपल्या नावानं संगणक खेळेल. इतर खेळाडूंना हे कळवलं जाणार नाही. आपलं खातं पूर्णपणे सुरक्षित आहे.'

"काय म्हणून राह्यला तो?" मनोहररावांनी उत्सुकतेनं विचारलं.

"सुरक्षित हाये म्हणते."

"बस् ना मंग!" मनोहररावांनी मांडीवर थाप मारली. "आपल्या घरी धोका कायचा? चला, ताटं घ्या!"

शेजारी जरा रेंगाळले, मग फायनलमध्ये पाहण्यासारखं काही नसतं असं एकमेकांना सांगत पांगले. पोरं मधल्या बोर्डावर खेळायला लागली. ईश्वरदास ताटावर बसले. रस्सा तिखटजाळ होता, त्यामुळे डोळ्यांतून पाणी कशानं येतंय हे कुणी विचारलं नाही. सुहासिनीबाईंनी मात्र त्यांच्या ताटात नळीचं हाड वाढलं. हा मान त्या घरात एरवी फक्त मनोहररावांचा होता.

तिसरी पोळी चालू असताना फोन वाजला. संघपाल!

ईश्वरदासांचा घास हातातच राहिला. संघ हरला, सहा वर्षं पाण्यात गेली आणि आता उपकर्णधार शिव्या देणार. त्यांनी डाव्या हातानं फोन कानाला लावला.

"भाऊ!" संघपाल ओरडत होता. "जिंकलो! तेवीस-दोन! अवो, काय खेळले तुम्ही! क्वीन काय, कव्हर काय, एक शॉट चुकला नाही! सहा वर्षांत मी तुम्हाले असं खेळताना पाह्यलं नाही, खरं सांगतो, राग नका मानू! सुमंत साहेबाचा फोन आला, उद्या सत्कार ठेवून राह्यले!"

ईश्वरदासांनी हातातला घास ताटात ठेवला. बोलायला सुरुवात कुठून करावी, याची बारीक अक्षरं कुठे सापडेनात.

"भाऊ, ऐकून राह्यले ना? मले एक सांगा, आज काय खाऊन बसले होते?"

ईश्वरदासांनी ताटाकडे पाहिलं.

"सावजी मटण," ते म्हणाले. निदान एवढं तरी खरं होतं.