चोवीस फुटांवरच्या रमाबाई

स्वयंपाकघरात रव्याची परात मांडली होती. पाटावर बसलेल्या रमाबाई मळलेल्या रव्याची गोळी चिमटीत धरून थांबल्या होत्या. त्यांच्यासमोर, फ्रीज आणि ओटा यांच्यामधल्या अरुंद खिंडीत, गिरिधरराव कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यात डोळे घालून उभे होते. पडद्यावर एक नख होतं. रेखीव, तजेलदार, वर चिकटलेल्या रव्याच्या कणासकट स्पष्ट. त्यापलीकडे सगळं धुकं होतं.

"दिसून राह्यलं का काही?" शेवटी रमाबाईंनी विचारलं.

"दिसतंय की. नख."

"कुणाचं?"

"तुझंच."

"अन् बाकीची मी?"

गिरिधररावांनी तिपाई दोन बोटं मागे सरकवली. तिचा पाय फ्रीजला टेकला, फ्रीज हलला आणि त्यावरची लोणच्याची बरणी किणकिणली. पडद्यावरचं नख गेलं, परातीची कड आली.

गोष्ट साधी होती. रमाबाईंच्या उजव्या मनगटात नस दबली होती आणि मंगळवारी शस्त्रक्रिया ठरली होती. मुंग्या जातील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण चिमूट पूर्वीसारखी बसेल का, याबद्दल आत्ताच काही बोलता येणार नाही, असंही म्हटलं होतं. रमाबाईंचं वळवट, म्हणजे खिरीसाठी हातानं वळलेले रव्याचे दाणे, सगळ्या नात्यागोत्यात नावाजलेलं. रव्याच्या गोळीतून त्यांच्या बोटांखाली बोटवे, मालत्या, गव्हले असे झरत, की वरून कुणीतरी धान्य सोडतंय असं वाटावं. पुण्याहून लेक यशश्रीनं फोनवर सांगितलं होतं, "आई, ऑपरेशनच्या आधी तुझ्या हातांचा व्हिडिओ करून ठेव. तू सांगतेस ते मला कळत न्हाई, बघूनच शिकीन मी." आज रविवार होता.

"मोबाईलवर घ्या की," रमाबाई म्हणाल्या होत्या.

"जन्माचं काम अन् मोबाईलवर?" गिरिधरराव दुखावले होते.

चार महिने त्यांनी मिररलेस कॅमेऱ्यांचा अभ्यास केला होता. आखीव वहीत रकाने पाडले होते: हात हलला तर चित्र स्थिर राहतं का, सलग चालवला तर कॅमेरा तापतो का, डोळा ओळखून नजर धरतो का. इंटरनेटवरच्या चाचण्यांत परदेशी तज्ज्ञ कॅमेऱ्याकडे चालत येत आणि उलट चालत जात. गिरिधरराव त्यांच्या येरझारा भक्तिभावानं पाहत. "मिररलेस म्हणजे त्यात आरसा नसतो," त्यांनी एकदा जेवताना समजावलं होतं. "बरंच झालं," रमाबाई म्हणाल्या होत्या, "माझं तोंड न्हाई यायला पाहिजे त्यात. हात घ्या फक्त. मी घरातलंच लुगडं नेसणार."

लेन्सचा निर्णय अधिक जड गेला. कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी लेन्स त्यांनी मुद्दाम नाकारली. उरल्या दोन. एक बारीकसारीक वस्तू जवळून टिपणारी, दुसरी पंच्याऐंशी मिलिमीटरची, दुरून चेहरा टिपून मागचं सगळं विरघळवून टाकणारी. दुकानदारानं दुसरी चढवून कॅमेरा त्यांच्या हाती दिला. रस्त्यापलीकडे एक अनोळखी बाई पेरू निवडत होती. पडद्यावर तिचा चेहरा असा उजळून आला, जणू मागची सगळी वर्दळ तिच्यासाठी वाट सोडून बाजूला झाली होती. गिरिधररावांनी वही मिटली आणि तीच लेन्स घेतली.

तो रस्ता रुंद होता. स्वयंपाकघर आठ फूट होतं.

"साऱ्या मंठा तालुक्याची जमीन मोजली तुम्ही," रमाबाई आता म्हणाल्या, "पार टोकाच्या धावड्यापर्यंत मोजणीची साखळी घेऊन गेल्ता. घरातलं स्वयंपाकघर मोजायचं राह्यलं का?"

बत्तीस वर्षं गिरिधररावांनी भूकरमापक म्हणून नोकरी केली होती. त्यांनी कपाटातून टेप काढली. हिशोब केला. रमाबाई, परात, सूप आणि पाट असं सगळं एका चौकटीत यायला चोवीस फूट हवे होते. स्वयंपाकघर आठ, हॉल अकरा, जिन्यापुढची मोकळी जागा पाच. पुढे समोरच्या चांदमलजींचा उंबरठा.

बियाण्यांचे व्यापारी चांदमलजी पेपर वाचत बसले होते. गिरिधरराव तिपाई खांद्यावर घेऊन दारात उभे राहिलेले पाहून ते उठलेच.

"या साहेब! मोजणी हाय का?"

"शूटिंग आहे. तुमच्या उंबऱ्यातून आमची मंडळी दिसते."

"बिलकुल करा. मी दाराचा पडदा बाजूला धरून राह्यतो."

त्यांच्या पत्नी सुगनबाई हात पुसत बाहेर आल्या, दोन्ही घरांची उघडी दारं पाहून त्यांनी एका क्षणात सगळं ओळखलं आणि निरोप्याचं काम आपल्याकडे घेतलं. कारण चोवीस फुटांवरून ओरडलं तर खालचा मजलाही गोळा झाला असता.

"तिला म्हणा, जरा डावीकडं सरक," गिरिधरराव म्हणाले.

सुगनबाई लगबगीनं पलीकडे गेल्या. "रमावैनी, भाऊजी म्हणतात डावीकडं सरका. अन् मी म्हणते केस बराबर करा."

"केस कशाला? हात घेऊन राह्यले ना ते?"

सुगनबाई परत आल्या. "विचारतात, हातच घेऊन राह्यले ना?"

"हो, हातच."

एवढ्यात जिन्यावरून गॅसवाला वसंता सिलिंडर घेऊन वर आला, दोन दारांच्या मधोमध थबकला आणि खांद्यावरच्या ओझ्यासकट अदबीनं विचारता झाला, "चालू हाय का? मी थांबतो."

"अरे, तू थांबला की फक्त सिलिंडरच दिसतं!" चांदमलजी पडद्याआडून ओरडले. "जल्दी वर जा."

वसंता गेला. सुगनबाई आत जाऊन रमाबाईंशेजारी बसल्या. गिरिधररावांनी हात हलवून त्यांना चौकटीबाहेर व्हायला सांगितलं. त्यांनीही हात हलवून स्नेहानं प्रतिसाद दिला. अखेर त्या ओट्याकडे सरकल्या आणि चौकट मोकळी झाली.

रमाबाईंनी गोळी उचलली. अंगठा आणि तर्जनी यांत रवा फिरू लागला. कॅमेऱ्यानं क्षणभर इकडेतिकडे चाचपलं, मग त्याला माणसाचा डोळा सापडला, आणि तो तिथेच थांबला. इतका शहाणा कॅमेरा होता तो.

गिरिधररावही थांबले.

त्यांनी हा चेहरा रोज पाहिला होता. म्हणजे त्याच्या आसपास ते वावरले होते. पण चोवीस फुटांवरून, मधल्या सगळ्या घराला वितळवून, तो असा एकटा कधी समोर आला नव्हता. रमाबाईंचे ओठ हलत होते. त्या काहीतरी मोजत होत्या. दर दहाव्या-बाराव्या बोटव्याला भुवईच्या कडेशी एक बारीक वेदना उमटे, पाण्यावर खडा पडावा तशी, आणि सुगनबाईंनी काही विचारताच ती हसण्याखाली मिटून जाई. थोडं दुखतं, एवढंच त्या घरात म्हणाल्या होत्या. किती दिवस असं मिटवत आली असेल ही? गिरिधररावांना वाटलं, आपण बांधावरचे दगड शोधण्यात हयात घालवली, आणि या मुलखाचा नकाशा काही आपल्याकडे नाही.

"साहेब," चांदमलजी पडदा धरून दुसऱ्या पायावर आले, "पाऊण तास झाला. मी ह्या हातानं धरू का त्या?"

तोवर परात रिकामी झाली होती.

संध्याकाळी चौघं टीव्हीसमोर बसली. पडद्यावर रमाबाईंचा चेहरा आला. पापण्यांचे केस मोजून घ्यावेत इतका स्वच्छ. त्याखाली, छातीच्या पुढे, दोन पांढुरके ढग एकमेकांभोवती फिरत होते.

गिरिधररावांनी रिमोट घेतला. व्हिडिओ पुढे सरकवला. चेहरा आणि ढग. आणखी पुढे. चेहरा, ढग, आणि कोपऱ्यात सुगनबाईंचा गुडघा.

"हात कुठायत?" रमाबाईंनी हळू विचारलं.

"आहेत की," गिरिधरराव म्हणाले. "ते पांढरं पांढरं..."

"उद्या दवाखान्यात भरती व्हायचंय मला. आज पाऊण तास बसले ना मी. आता पुन्हा बसायचं म्हणलं तर बोटं वळणार न्हाईत." त्या आपल्या मनगटाकडे पाहू लागल्या. "यशश्रीला काय दाखवायचं?"

गिरिधररावांनी रिमोट खाली ठेवला. चार महिन्यांची वही टेबलावर होती, आणि तिच्यात यासाठी रकाना नव्हता.

"हे चालंल का?" सुगनबाईंनी कमरेचा मोबाईल काढला. "मी पिठाच्या डब्याला टेकवून ठेवल्ता. म्हणलं, आमच्या पोरीला, शिखाला दाखवीन. पण माझ्याच्यानं काही बराबर येत न्हाई हो."

सगळं बराबर आलं होतं. परात, गोळी, दोन्ही हात, अंगठ्याची ती किंचित मुरड, सुपात झरणारे बोटवे. चौकट थोडी वाकडी होती आणि मधूनमधून सुगनबाई "अगं बाई!" म्हणत होत्या. रमाबाईंनी सगळं शेवटपर्यंत पाहिलं आणि सुगनबाईंचा हात नुसता दाबला. यशश्रीला व्हिडिओ गेला.

शेजारी घरी परतल्यावर गिरिधररावांनी लेन्स काढून डबीत ठेवायला घेतली.

"ते लावा ना पुन्हा," रमाबाई म्हणाल्या. "तुमचं."

त्यांनी लावलं. पडद्यावरच्या बाईचे ओठ हलत होते. मग भुवईच्या कडेशी ती वेदना उमटली, आणि मिटली. गिरिधररावांनी खाली पाहिलं.

"एवढं दुखतं, तर सांगायचं न्हाई का?" ते म्हणाले.

रमाबाई पडद्याजवळ सरकल्या. "मी अशी दिसते?"

"अशीच."

"रोज?"

"ते..." गिरिधरराव अडखळले. "रोज एवढ्या लांबून कुठं बघतो मी."

त्यांनी डबीचं झाकण बंद केलं, पुन्हा उघडलं. "दुकानदार सात दिवसांत बदलून देतो म्हणलाय. हातांसाठी ती जवळची घेऊन येतो. तुला तोंड घेतलेलं आवडत न्हाई, माहीत आहे मला. ही परत करू ना?"

रमाबाई उठल्या. कानामागून निसटलेली बट त्यांनी डाव्या हातानं नीट केली, अंगावरच्या जुन्या लुगड्याकडे एकदा पाहिलं, आणि आतल्या खोलीत गेल्या, जिथं साड्यांचं कपाट होतं.