धारवटकरांची नात दारात थांबली नाही, त्याची हकीकत

श्री. रंगदेवता प्रसन्न असो, प्रसन्न नसेल तर निदान जागी असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एका राज्यात जे घडले ते जसे दिसले तसे लिहिले आहे. राज्याचे नाव घेत नाही, घेतले की नायिकेच्या मामांचा फोन येतो. त्या राज्यात नाटक-सिनेमाची गादी धारवटकर घराण्याकडे चालत आली होती. मूळपुरुष आबासाहेब, रंगभूमीचे सार्वभौम, त्यांचा थाट असा की दारातून प्रवेश करताना डावा हात चौकटीवर ठेवून थांबत, मान किंचित वर करीत, आणि टाळ्यांनी थिएटर दणाणून जाई, आणि टाळी विरली की मग पहिले वाक्य बोलत. त्यांची कन्या इंद्राणीबाई, पडद्याची पट्टराणी, त्यांनी माहेरचेच आडनाव चालविले आणि माहेरचेच थांबणेही चालविले. कॅमेरा असो की साडीच्या दुकानाचे उद्घाटन असो, बाई दारात थांबणार म्हणजे थांबणार. लग्नाच्या हॉलात गेल्या तरी थांबत आणि मागे आहेर घेतलेल्या बायका जिन्यापर्यंत तुंबत, पण कोणाची बोलायची छाती नव्हती. घराण्याचे निशाणच ते जाहले. त्यांची कन्या शाल्मलीबाई, वय एकोणीस. नाक आजोबांचे, डोळे आईचे, हसणे आजीचे, असे जो तो म्हणे, आणि पोरीचे स्वतःचे काय आहे हे बघायला कोणास वेळच नव्हता.

तर मामा प्रतापराव यांनी खजिना खोलून भाचीसाठी सिनेमा काढविला आणि चौकाचौकात तिचे एवढे मोठे चित्र लावविले की मागची देवळे झाकली गेली, आणि मग शुक्रवारी स्वारी थिएटरांवर चालून गेली आणि रविवारी सपशेल मार खाऊन परतली. पानटपरीवर लोक म्हणाले, "पालखी भारी होती रे, आत देव बसवायचा राहिला." हे ऐकून आमचे टाळके सटकले, पण काय करता, बोलले ते खोटे नव्हते. इंद्राणीबाईंनी दिवाणखान्यात दरबार भरविला आणि बोलिल्या, "लोक जळतात आपल्यावर. दुसरा सिनेमा लगेच चालू करायचा." शाल्मलीबाई बोलिली, "आई, लोक जळत नाहीत गं, झोपतात. मी तोंडाला ओढणी बांधून मागच्या रांगेत बसले होते. माझ्या रडायच्या सीनला शेजारचा माणूस घोरत होता." मामा बोलिले, "एखादा असतो थकलेला." "मामा, बायको त्याला उठवत नव्हती, ती पण झोपली होती. मला कामच येत नाही. मला शिकू दे." तेव्हा इंद्राणीबाई भडकल्या. "धारवटकर शिकत नसतात. धारवटकरांचं बघून लोक शिकतात!" आबासाहेब खुर्चीत बसून शेंगा सोलीत राहिले. मग पुष्कळ रडारड होऊन तह ठरला तो ऐसा: पोरीने कोणाचा वशिला न लावता एक नाटक मिळवावे, एक प्रयोग करावा, जमले तर तिचा रस्ता तिला मोकळा, न जमले तर निमूट मामांच्या दुसऱ्या सिनेमाला उभे राहावे आणि पुन्हा हा विषय काढू नये.

मग शाल्मलीबाई रिक्षाने नंदाताई कुडतरकर यांजकडे गेली. या बाई नाटके बसवीत, जिभेने विळीसारख्या, आणि त्यांची तालीम एका मंगल कार्यालयाच्या माळ्यावर चाले, म्हणजे खाली जिलब्या आणि वर शिव्या. नंदाताईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले आणि बोलिल्या, "नायिकेचं काम दिलेलं आहे. शेजारणीचं आहे. हातात डबा घेऊन येते, दळणाला चाललेय म्हणते, हवालदाराची फुशारकी उतरवते आणि जाते. करशील?" "करीन." "नाव जाहिरातीत शेवटी येईल." "नाही आलं तरी चालेल." नंदाताईंस हे बरे वाटले, पण तसे दाखवतील तर त्या नंदाताई कसल्या. नाटकातला फुशारक्या हवालदार म्हणजे भास्करकाका सामंत, पोट मोठे, आवाज त्याहून मोठा, मनाने मऊ भात.

पहिल्या तालमीस शाल्मलीबाई रिकामा डबा काखेत मारून दारापर्यंत झकास आली आणि दारात आली ती थांबली. डावा हात चौकटीवर, मान वर. नंदाताई ओरडल्या, "अगं, दळायला चाललीयेस की राज्याभिषेकाला?" पुन्हा केले, पुन्हा थांबली. भास्करकाका बोलिले, "वहिनी, दार फुगलंय का? तेल घालू?" सगळे हसले, तीही हसली, आणि पुन्हा थांबली. असे रोज होऊ लागले. पोरगी हवालदाराला बोलायची तेव्हा फाडफाड बोलायची, अगदी चाळीतली वाटायची, पण दार आले की अंगात आबासाहेब यायचे. एके दिवशी जिन्यात बसून ती भास्करकाकांस बोलिली, "पाय आपोआप थांबतो हो काका. लहानपणी आजोबा बोट धरून शिकवायचे. आता घरी पाणी प्यायला गेले तरी स्वयंपाकघराच्या दारात थांबते. फ्रिज काय टाळ्या वाजवणारे?" काका बोलिले, "बाळा, माझं पोट बघ. ते पण आपोआप पुढे येतं. प्रयोगाला ओढून घेतो की नाही?" आणि नंदाताईंनी शेवटच्या तालमीस निर्वाणीचे सांगितले, "काम तुझं चांगलंय, हे मी एकदाच बोलणार. पण प्रयोगाला दारात थांबलीस तर माझ्या नाटकातली शेजारीण मेली, आणि तिच्या जागी आजोबांचा पुतळा उभा राहिला. मग दुसरी मुलगी बघेन." म्हणजे एका पावलावर सगळे राज्य अडले होते, आणि ते पाऊल दीड इंचाच्या उंबऱ्यावर होते.

प्रयोगाचा दिवस उजाडला. संध्याकाळी नाट्यगृहावर नारळ फुटला, उदबत्ती लागली, दुसरी घंटा जाहली, आणि शाल्मलीबाईने पडद्याच्या भोकातून पाहिले तो काय? पहिल्या रांगेत इंद्राणीबाई मोतिया साडीत, शेजारी चाकांच्या खुर्चीत आबासाहेब, आणि मागे घराण्याचे सगळे फॅन मंडळ, एकसारखे टी-शर्ट घालून, शिट्ट्या खिशात. त्यांचा म्होरक्या सुभाष ढवण फौजेस समजावीत होता, "ताई दारात दिसल्या की उठायचं. टाळी थांबली तर मी बघून घेईन." आईने हे प्रेमाने केले होते, खोटे कशाला बोला. पण तोफखान्याचे प्रेम तोफेसारखेच असते, समोर उभे राहणाऱ्याने काय करावे? नंदाताईंनीही भोकाला डोळा लावला आणि कपाळावर हात मारला. "गेलं नाटक! ही मंडळी शिट्ट्या मारणार आणि तू थांबणार. टाळी पडली की घोडं पण थांबतं." शाल्मलीबाईने आईस फोन लाविला तो बंद, आणि लोकांमधून खाली जावे तर तोंडाला शेजारणीचा रंग लागलेला. ती विंगेत रिकामा डबा धरून उभी राहिली. मग तिची नजर भिंतीवरच्या लाल बादल्यांवर गेली, त्या आग विझवायच्या, वाळूने भरलेल्या, आजवर त्यात पानाच्या पिचकाऱ्यांशिवाय काही पडले नव्हते. तिने एक बादली उतरविली आणि डब्यात ओतली आणि दुसरी उतरविली. वॉचमन धावला, "मॅडम, मॅडम! आग लागली तर?" "लागली तर डबा आणून देते." आणि केसांवरचा पंचा पुढे ओढला, दोन्ही हातांनी डबा पोटाशी उचलला आणि तिच्या तोंडून "आई गं" निघाले. तिसरी घंटा जाहली.

आता पुढचे आम्ही बाल्कनीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. हवालदार मंचावर छाती काढून सांगत होता की ऐन तारुण्यात त्याने एका हाताने बैलगाडी अडविली, आणि तेवढ्यात दाराबाहेरून धापा टाकत आवाज आला, "अहो भाऊजी, घरात आहात का? दळणाला चाललेय, तुमचं काही टाकायचंय का?" आणि दार पाठीने ढकलले गेले आणि एक बाई पाठमोरीच आत आली, डोक्याला पंचा, साडी खोचलेली, दोन्ही हात डब्यात अडकलेले, आणि अशी दोन्ही हात भरून वजन घेऊन आलेली बाई दारात थांबतच नाही, थांबेल कशी, हात तुटतील. ती वळली तोवर मंचाच्या मध्यावर होती. सुभाष ढवण अजून दाराकडेच बघत होता. इंद्राणीबाईंचे दोन्ही हात टाळीसाठी वर गेले होते ते तसेच हवेत राहिले. रीतीप्रमाणे हवालदाराने पुढे होऊन, "आणा इकडे वहिनी, बायकांनी ओझं उचलायचं नसतं," म्हणत एका हाताने डबा घेतला, आणि तालमीत तो रिकामा असे, म्हणून भास्करकाकांनी हात सैल सोडला होता. डब्याने त्यांस जमिनीपर्यंत नेले. त्यांच्या तोंडून निघाले, "आयला! वहिनी, गहू आहेत की गावचा पाटा?" हे नाटकात नव्हते. नंदाताई विंगेत भिंतीला चिकटल्या. एक क्षण असा गेला की वाटले पोरगी आता गोठली, आता मान वर करणार. ती कमरेवर हात ठेवून बोलिली, "गहूच आहेत भाऊजी. तुमच्याकडं नुसता डबाच असतो, म्हणून वजनाची सवय नाही."

थिएटर असे फुटले की आमच्या शेजारच्या आजींनी तोंडातली सुपारी गिळली. मग पुढचा सगळा प्रवेश तिने चालविला, आणि जायची वेळ आली तेव्हा भास्करकाकांनी मर्दानगी दाखवीत डबा उचलायचा प्रयत्न केला, पोट आड आले, आणि तिने त्यांस बाजूला सारून म्हटले, "सोडा. बैलगाडी असती तर तुम्हाला सांगितलं असतं." आणि तो उचलून गेली, आणि मागे वळूनही पाहिले नाही. मग टाळी आधी बाल्कनीतून पडली, मग मागच्या खुर्च्यांतून, ज्यांना ती कोणाची कोण हे ठाऊक नव्हते त्यांच्याकडून, आणि ती गेल्यावरही पडतच राहिली, आणि रिकाम्या दारासमोर हवालदार खोळंबून राहिला. सुभाष ढवण वाकून विचारता जाहला, "बाईसाहेब, ही कोण? आपल्या ताई कधी येणार?" इंद्राणीबाई हळूच बोलिल्या, "येऊन गेली. माझी मुलगी आहे ती." "मग आम्ही वाजवायचं का?" "लोक वाजवतायत ना. तू राहू दे."

प्रयोग संपल्यावर रंगपटात दरबार भरला. नंदाताई आधी शिरल्या. "वाळू भरलीस, मला विचारलंस?" "नाही." "भास्करचा खांदा निखळला असता तर?" भास्करकाका खांद्याला बाम लावीत बोलिले, "निखळू दे हो. एवढा हशा मला पंधरा वर्षांत मिळाला नव्हता." नंदाताईंनी पोरीकडे बघून नाक उडविले. "उद्यापासून गहू भर. वाळू सांडते, सेट घाण होतो." उद्यापासून, असे म्हणाल्या. शाल्मलीबाई मटकन खुर्चीत बसली आणि आता हसावे की रडावे हे न कळून तिने पंच्याने तोंड पुसले, आणि अर्धा रंग पंच्यावर आला. तेवढ्यात इंद्राणीबाई आल्या, दारात थांबल्या, आणि तिथूनच बोलिल्या, "काम चांगलं केलंस. तह मी मोडत नाही. पण आपली चाल मोडलीस गं. आबांनी उभी केलेली." मागून खुर्ची अडली होती. आबासाहेब ओरडले, "इंद्रा, आत सर, मला जाऊ दे!" त्यांची खुर्ची आत आली आणि त्यांनी नातीचा हात धरिला. "चाल कसली? पहिल्या प्रयोगाला मी दारात आलो आणि वाक्य विसरलो. प्रॉम्प्टर पलीकडच्या विंगेत, काही ऐकू येईना. म्हणून चौकट धरून उभा राहिलो, नाहीतर पडलो असतो. लोकांना वाटलं रुबाब आहे. टाळी पडली. टाळी संपेस्तोवर वाक्य आठवलं." इंद्राणीबाईंचे डोळे मोठे जाहले. "पण मग नंतर सगळी वर्षं थांबलात ते?" "सगळी वर्षं विसरायचो." "आबा! आणि मी सगळा जन्म थांबतेय!" "मला वाटलं, तूही विसरतेस."

हे ऐकून प्रथम भास्करकाका हसले, मग नंदाताई, ज्यांना हसताना कोणी पाहिले नव्हते, मग शाल्मलीबाई एवढी हसली की खुर्चीवरून घसरली, आणि शेवटी इंद्राणीबाई, त्या मात्र हसता हसता रडल्या आणि मोतिया पदराने दोन्ही एकदम पुसले, आणि बोलिल्या, "आई शप्पत, पाय दुखायचे माझे."

ऐसा मजकूर जाहला. शाल्मलीबाई त्या नाटकाबरोबर गावोगाव गेली, डब्यात गहू भरून. मामांचा दुसरा सिनेमा मामांच्या मुलाला घेऊन चालू जाहला, त्यावर आम्हांस बोलायचे नाही. लाल बादल्या वॉचमनने पुन्हा भरून ठेविल्या. धारवटकरांच्या घरी आता दारात कोणी थांबत नाही, चपला काढायलासुद्धा नाही, त्यामुळे दिवाणखान्यात चिखल जाहला आहे, आणि आबासाहेब शेंगा सोलीत त्यावर खूश आहेत.