विश्वासवाढीची गादी

पोलीस निरीक्षक विजयसिंह सरनोबत यांना ‘हिंसामुक्त नेतृत्व व जनविश्वास संवर्धन’ या पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवण्यात आले, तेव्हा ते सुधारून परततील अशी वरिष्ठांची अजिबात अपेक्षा नव्हती. दुर्दैवाने ते सुधारले.

समोरच्याला आधी खुर्ची द्यावी, मग पाणी द्यावे, मग मध्ये न बोलता त्याचे ऐकून घ्यावे, असे प्रशिक्षिका अनुजाताईंनी शिकवले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत सरनोबतांनी या तिन्ही गोष्टी फक्त आमदारांसाठी केल्या होत्या. कोल्हापुरात परतताच त्यांनी ठाण्यातल्या काठ्या कपाटात बंद केल्या. काठी हवी असल्यास लेखी अर्जात कारण नमूद करावे व पाच मिनिटे डोळे मिटून बसावे, असा आदेश काढला. दाराशी मुख्यालयाने पाठवलेले विश्वासमापक यंत्र बसवले. पोलिसांवर विश्वास वाटला तर हिरवे बटण, नाही तर लाल.

तिसऱ्या दिवशी चाळीसेक माणसे एकाची कॉलर धरून आली. पुढे गणपतराव, दूध संस्थेचे माजी अध्यक्ष.

“साहेब, ह्यानं माझी स्कूटर चोरली. रंकाळ्यावर धरलाय. घ्या आत.”

धरलेला माणूस अतुल, इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला. सरनोबतांनी त्याच्यापुढे खुर्ची सरकवली. तो भिंतीला चिकटला.

“काय मारायचं ते मारा साहेब. खुर्ची नको.”

खुर्चीनंतर काय असते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. बराच वेळ समजूत काढल्यावर तो टोकावर टेकला, पाणी प्याला आणि म्हणाला, “स्कूटर माझीच हाय. कागद डिकीत हायत. कुणी इचारलंच न्हाय.”

डिकीत कागद होते. हवालदार धोंडीराम यांनी दूध संस्थेत फोन लावला. तिथे मागच्या बाजूला, गणपतरावांनी सकाळी लावली होती तिथेच, त्याच रंगाची त्यांची स्कूटर उभी होती. सगळे अकरा मिनिटांत आटोपले. इतके हलके सरनोबतांना उभ्या नोकरीत वाटले नव्हते.

“ह्याची निघाली ते सोडा,” गणपतराव म्हणाले. “पण खरा चोर असता, तरी तुम्ही पाणीच पाजलं असतं?”

“व्हय.”

“मग आम्ही भरवसा ठेवायचा कुणावर?”

जाताना प्रत्येकाने लाल बटण दाबले. सर्वांत शेवटी अतुलनेही लालच दाबले.

“तुम्हीसुद्धा?” सरनोबतांनी विचारले.

“समदी बघत हुती साहेब. मला बी त्यांच्यातनंच भायेर जायचंय.”

महिनाअखेर मुख्यालयाचे पत्र आले. ‘आपल्या ठाण्यातील हिंसा शून्यावर आली, ही बाब समाधानकारक आहे. विश्वासही शून्यावर आला, ही बाब गंभीर आहे. उभय उद्दिष्टे एकाच वेळी साध्य करावीत.’

सरनोबत दोन दिवस नीट जेवले नाहीत. पुन्हा माणसावर काठी उचलायची नाही, एवढे त्यांचे ठरले होते. शेवटी धोंडीरामांनी मार्ग सुचवला.

“साहेब, लोकांना मार बघायचा नसतोय. ऐकायचा असतोय.”

कोठडीत एक जुनी गादी आणली. काठीसाठी रीतसर अर्ज झाला. कारणाच्या रकान्यात ‘विश्वास’ असे लिहिले. त्यानंतर कुणालाही धरून आणले की त्याला आतल्या खोलीत चहा मिळे, सरनोबत त्याचे ऐकून घेत, आणि कोठडीत धोंडीराम गादी बडवत स्वतःच ‘आई गं, मेलो गं’ म्हणून ओरडत. बाहेरची मंडळी समाधानाने माना डोलावत आणि हिरवे बटण दाबून घरी जात.

तीन महिन्यांत विश्वास सत्त्याण्णव टक्क्यांवर गेला. सत्कार समारंभात अनुजाताईंना भरून आले. “हे कसं जमवलंत?” त्यांनी विचारले.

“लोकांचं ऐकून घेतलं,” सरनोबत म्हणाले. ते खरेच होते.

गेल्या आठवड्यात ठाण्याला नागरिकांचे निवेदन मिळाले. ‘आम्ही सर्व सुजाण नागरिक हिंसेच्या विरोधात आहोत. तथापि, कोठडीतील आवाज फाटकापर्यंत स्पष्ट येत नाही. महिला व ज्येष्ठांची गैरसोय होते. तरी कर्णा बसवावा.’ खाली तीनशे बारा सह्या आहेत. त्यात डॉक्टर आहेत, मुख्याध्यापिका आहेत, अहिंसेवर व्याख्याने देणारे दोघे आहेत.

सह्यांची शेवटची ओळ अजून मोकळी आहे. पेन शेजारीच ठेवलंय. सही करताना तुमच्याकडे कुणी बघणार नाही.