निरोपाचं वाक्य

मोठे साहेब दारातच अडकले होते. दार खरं नव्हतं. डोळ्यांवर चढवलेल्या हेडसेटमधलं होतं.

"त्या अजून बोलतायत," साहेब हवेत हात जोडून म्हणाले. "मी निघू ना?"

खेळ बनवणारी पोरगी घामाघूम झाली. परमुलखातून आलेल्यांना भाषा शिकवणारा हा खेळ. हेडसेट घालायचा, एका घरी पाहुणा म्हणून जायचं, गप्पा मारायच्या, निरोप घ्यायचा. घरच्या बाईंनी "या परत" म्हटलं की दार उघडतं आणि पाहुणा पास. साहेब स्वतः परमुलखातलेच. आज ते पास झाले तर खेळ मंजूर, नाहीतर पोरीची नोकरी गेलीच म्हणायची.

घरच्या बाईंचा आवाज तिच्या आत्याचा होता.

"'या परत' वाजत का नाहीये?" तिने रेकॉर्डिंगवाल्याला हळूच विचारलं.

"असेल तर वाजेल ना! आत्या दारात बोलतच राहिल्या. शेवटी मशीनमधली जागा संपली, त्यांचं बोलणं नाही."

"सर, काढून टाका तो हेडसेट!"

"बाई बोलतायत आणि मी निघून जाऊ?" साहेब दुखावले.

नाइलाजाने तिने आत्याला फोन लावला आणि तो खेळाला जोडून दिला. "आत्या, फक्त 'या परत' म्हण. पाहुणे खोळंबलेत."

"दारात? अगं, चहा तरी झाला का त्यांचा?"

"नाही झाला," साहेब प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग मी 'या परत' कशी म्हणू? पाप लागेल मला. बसा हो तुम्ही आधी!"

साहेब बसले. खुर्ची फक्त खेळात होती.

पडता पडता हेडसेट निघाला. जमिनीवर बसूनच साहेबांनी विचारलं, "मी पास, की नापास?"

पोरीने धावत जाऊन हेडसेट उचलला.

"मला काही कळलं नाही," साहेब कपडे झटकत उठले. "पण भाषेच्या वर्गात मी इतकं कधीच बोललो नव्हतो. खेळ मंजूर. बरं, निघतो."

पोरीचा जीव भांड्यात पडला. ती त्यांना दारापर्यंत सोडायला गेली आणि तोंडातून आपसूक निघून गेलं, "लगेच काय निघालात, सर? बसा ना थोडं."

साहेबांनी दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने बॅग खाली ठेवली. बसण्याआधी मात्र खुर्ची दोन्ही हातांनी नीट चाचपून घेतली.