धोंडबांची पोलीस चौकशी

चौकशीला येणाऱ्या हवालदाराला चहा विचारायचा, एवढंच धोंडबांनी ठरवलं होतं.

लेक दीक्षा कॅनडात, दिवस गेलेली. आई आता नाही, तर बाबा, तुम्ही तरी या, असं ती फोनवर म्हणाली होती. आधी पासपोर्ट, मग व्हिसा, मग विमान. आणि पासपोर्ट अडला होता पोलीस चौकशीवर.

रोशन हवालदार आला, चहा प्याला आणि आपल्या दुखऱ्या गुडघ्याचं सांगत बसला. बायको सिंधूताई गेल्यापासून या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नव्हता. धोंडबांना इतकं बरं वाटलं, की विजेचं बिल मागताच ते म्हणाले, सापडत नाही, उद्या या. (बिल त्यांच्याच खिशात होतं.) दुसऱ्या दिवशी तर्री-पोहे झाले आणि आधार कार्ड हरवलं. पुढे फोटोही हरवले.

मग दीक्षाचा फोन आला. व्हिसाला वेळ लागतो, बाबा, बाळ थांबणार नाही. धोंडबांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी सगळे कागद काढून दिले. राहिल्या फक्त दोन शेजाऱ्यांच्या सह्या.

पण पोलीस रोज येतो म्हटल्यावर गल्लीने काय ते समजून घेतलं होतं. म्हातारा बोलत नाही, म्हणजे प्रकरण मोठंच असणार. रोशनने दारं वाजवली, तर कोणी म्हणालं, आम्ही इथं नवीन. समोरच्या इंदुताईंनी तर धोंडबा हे नावच ऐकलं नव्हतं. (धोंडबांची शिडी मात्र इंदुताईंच्याच अंगणात उभी होती.)

रोशन परत येऊन बसला. "काकाजी, इतकी वर्षं इथं राहून राहिले म्हणता, अन् तुम्हाले ओळखतो फक्त मी."

"मंग तूच कर ना गा सही."

"मी पोलीस आहो जी, शेजारी नाही."

संध्याकाळी धोंडबा दारोदार फिरले. चोरी नाही, मारामारी नाही, लेकीकडे जायचं आहे, म्हणून पोलीस येतो, असं हळूहळू सांगत. सही झाली नाही तर पोलिसाला पुन्हा पुन्हा यावं लागेल, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

सकाळी दोन साक्षीदार हवे होते, पाच जण आले. घर भरून गेलं. धोंडबांचे डोळे पाणावले. आपल्यावर एवढा जीव आहे गल्लीचा, आणि आपण निघालो. ते घाईघाईने चहा ठेवायला उठले.

"चहा राहू द्या जी," सही करता करता इंदुताई म्हणाल्या, "तुम्ही फक्त लवकर जा."