सरपंचांचा फोटो आणि खालच्या दोन ओळी

उत्कर्षाने टाइप केलेली सूचना अवघी दोन ओळींची होती : 'पाइपलाइन फुटून गटाराचे पाणी मिसळले आहे. आज सकाळी नळाला आलेले पाणी कोणीही पिऊ नये.' पंचायतीच्या फेसबुक पानावर ती टाकायला ही संगणक चालवणारी पोरगी बटण दाबणार, तोच सरपंच आप्पासाहेब, म्हणजे गावाचे आबा, आत आले.

"माझा फोटो कुठंय?"

"आबा, सूचना अर्जंट हाय. आन इंदापूरच्या प्रशिक्षणात सांगितलंय, पान पंचायतीचं, त्यावर कुणाचा फोटो न्हाय टाकायचा."

त्या प्रशिक्षणाला आबाही गेले होते. ग्रुप फोटोपुरते.

"आगं, फोटो न्हाय तर काम कुणी केलं ते लोकांना कळायचं कसं?"

"आबा, गटाराचं पाणी..." पाणी सोडणारा खाजा दारातून कळवळला.

"पाण्याचं मागनं बघू. आधी फोटो!"

खाजाने कपाळावर हात मारला आणि तो व्हॉल्व्ह बंद करायला पळाला.

उत्कर्षाने फोटो लावला. फेटा, गॉगल, जोडलेले हात. "आजून मोठा कर," असं आबा तीनदा म्हणाले, तेव्हा खालची अक्षरं मुंगीएवढी झाली. आबांनी पोस्ट टाकायला लावली, आपल्या मोबाइलवर दोन बोटांनी स्वतःची मिशी मोठी करून पाहिली आणि पहिला अंगठाही स्वतःच दिला. खालच्या ओळी त्यांनी वाचल्या नाहीत. मिशीखालचं काही बघायची त्यांना सवयच नव्हती.

आता गावात फेटा आणि जोडलेले हात दिसले, म्हणजे वाढदिवस. दहा मिनिटांत शुभेच्छांचा पाऊस पडला. 'बापमाणूस', 'गावाची शान', 'आबा, शतायुषी व्हा!' एकशे साठ जणांनी लिहिलं. पाण्याबद्दल एकानेही विचारलं नाही. गावाला वाचण्याखेरीज सगळं येत होतं. उत्कर्षाला संताप आला. त्यात कुणीतरी आबांच्या अंगणातला फोटो टाकला. केक, हार आणि लिंबू सरबताचं पिंप!

"खाजाभाई, देवळाचा नाहीतर मशिदीचा, गावेल तो भोंगा धरा!" फोनवर ओरडतच ती आबांच्या घराकडे धावली.

वाढदिवस आबांचा नव्हताच. पण आलेला केक परत पाठवण्याइतके ते उर्मट नव्हते. त्यांचा तिसरा ग्लास चालू होता.

"पिऊ नका! गटाराचं पाणी हाय त्यात!"

"काय?" आबा गरजले. "आन हे सरपंचाला कुणी सांगितलं न्हाय?"

त्यांच्या बायकोने, प्रयागबाईंनी, चष्मा लावला. मोबाइल नाकाशी धरून पोस्ट शेवटपर्यंत वाचणारं ते गावातलं पहिलं माणूस.

"तुमीच सांगितलंय की सगळ्यास्नी," त्या म्हणाल्या. "पयला अंगठा बी तुमचाच हाय."

अंगणात ग्लास पटापट खाली ठेवले गेले. आबांच्या पोटात मोठ्याने गुरगुरलं. ते संडासाकडे निघाले, पण दारात थबकले.

"पोरी, खाजाला म्हणावं, भोंग्यावर माझं नाव तेवढं घे."

खाजाने घेतलं. पाणी पिऊ नका, असं दोनदा बजावून झाल्यावर त्याचा आवाज घराघरांत पोचला :

"आन सरपंच आप्पासाहेबांच्या घरी ज्यांनी ज्यांनी सरबत घेतलं आसंल, त्यांनी लगोलग दवाखान्यात जावं!"