सामंतांचं कोळसा वाळवायचं यंत्र

शुक्रवारपासून बॉयलर घड्याळाच्या काट्यावर वाफ देईल, असं अरविंद सामंतांनी सोमवारीच जाहीर करून टाकलं. हे १९८३ साल. तळवलीजवळ कापड रंगवायचा कारखाना होता, तिथे सामंत इंजिनिअर होते. तिथे येणारा कोळसा म्हणजे अर्धा चिखल, पाव दगड आणि उरला तर कोळसा. तो पेटवताना बॉयलरवाला मारोती आणि बॉयलर आळीपाळीने खोकायचे.

दगड वेचायला गावातल्या चांगुणाबाई यायच्या. सामंत त्यांना म्हणाले, "बाई, हाताने निवडणं आता बंद. यंत्र धुईल, यंत्रच वाळवील."

"मंग मी काय करू?"

"तुम्ही नुसतं बघायचं."

"नुसतं बगायला मना कोन ठेवनार?"

याचा विचार सामंतांनी केलेला नव्हता. म्हणून ते पुन्हा यंत्राबद्दल बोलू लागले.

धुवायची टाकी झकास चालली. चिखल गेला. कोळसा काळाभोर निघाला, पण ओलाचिंब, आणि दगडही तेवढेच चकचकीत होऊन त्याच्याबरोबर आले. मग वाळवायला लोखंडी पिंप बसवलं. धुराड्यातली गरम हवा पंख्याने खालून आत सोडायची.

"सायेब, पंखा लई मोठा झालाय," मारोती म्हणाला.

"मोठा असला की लवकर वाळतं."

शुक्रवारी मॅनेजर देशमाने पांढरा सफारी घालून आले. पंखा सुरू झाला, पांढरी वाफ निघाली. देशमाने "वा" म्हणाले आणि वाकून पिंपात बघू लागले. त्या "वा"ने सामंतांना चेव चढला. त्यांनी पंखा आणखी वाढवला. हलक्या प्रतीचा कोळसा वाळला की भुसभुशीत होतो, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. किती होतो, ते आता कळलं. पिंपातून काळा लोट उठला आणि थेट छपराबाहेर गेला. खाली देशमान्यांचे फक्त डोळे ओळखू येत होते.

गावात बोभाटा झाला, बॉयलर फुटला. वीसेक माणसं हंडे-कळशा घेऊन धावत आली. त्यांनी पहिलं पाणी देशमान्यांवर ओतलं, कारण धूर त्यांच्यातूनच निघतोय असं दिसत होतं. उरलेलं सकाळपासून उन्हात वाळत घातलेल्या कोळशाच्या ढिगावर.

"थांबा रं, काय पेटलं नाय," असं चांगुणाबाई ओरडेपर्यंत कळशा रिकाम्या झाल्या होत्या.

पंखा बंद झाला. देशमान्यांनी निथळत पिंपात बोट दाखवलं. "हे काय उरलंय?"

"दगड, सर," सामंत म्हणाले. "पण अगदी कोरडे आहेत."

चांगुणाबाईंनी मूठभर उचलून उलटसुलट पाहिले. "येक पन कोलसा नाय यात," त्या मनापासून म्हणाल्या. "सायबांनी चांगलं निवडलंय."

देशमान्यांनी चेहरा पुसायचा प्रयत्न केला, आणखी काळा केला. "बाई, तुम्ही उद्या नेहमीच्या वेळेला या. आणि सामंत, हे गेटसमोरच्या खड्ड्यात नेऊन टाका."

सामंतांनी घमेलं उचललं. खड्डा मात्र असा भरला, की पुढच्या पावसाळ्यातही तिथला एक दगड हलला नाही.